जर्सीची घडी

आमच्या घरात हळू बोलणं कुणालाच जमलेलं नाही. त्यात ऐंशीच्या दशकात अमेरिकेतून नागपूरला फोन करायचा, म्हणजे घसा फाडून ओरडायलाच हवं. नॉर्थ कॅरोलायनात पीएच.डी. करत होते तेव्हाची गोष्ट. कॉरिडॉरमधल्या फोनवर आईला "अगं, जेवते गं मी नीट!" असं पुन्हा पुन्हा सांगून मागे वळले, तर शेजारच्या लॅबमधला पश्चिम जर्मनीचा संशोधक उभा. हा उंच! थेट विचारलं त्याने, "तुझं वजन किती?"

माझं डोकंच सटकलं. "तुला काय करायचंय?"

त्याला शर्यतीच्या बोटीसाठी माणूस हवं होतं. वल्ही मारणारे चौघं उलटे बसतात, त्यांना पुढचं काही दिसत नाही. म्हणून त्यांच्यासमोर एक हलकंफुलकं माणूस बसतं, सुकाणू धरतं आणि ओरडतं. ओरडायचं काम! मी लगेच हो म्हटलं.

मग रोज सकाळी तळ्यावर. सगळ्यात जवळ तोच बसायचा, तोंडासमोर तोंड. एकदा परत येताना गाडीत तो सहज बोलून गेला, की ऐंशीच्या मॉस्को ऑलिंपिकसाठी त्याची त्यांच्या देशाच्या टीममध्ये निवड झाली होती. मी टुणकन उडाले. "ऐंशी? अरे, तेव्हा आमचं हॉकीचं गोल्ड आलं! काय नाचलो होतो आम्ही!"

"आम्ही गेलोच नाही," तो म्हणाला. "आमच्या देशाने बहिष्कार टाकला होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणापासून घरामागच्या नदीत तो त्या एका शर्यतीसाठी राबला होता. नंतर कित्येक वर्षं त्याने वल्ह्याला हातच लावला नाही; शिकून इकडे आला, तेव्हा कुठे पुन्हा बोटीत बसला. त्या ऑलिंपिकसाठी मिळालेली जर्सी मात्र बॅगेत तशीच होती, घडीसुद्धा न मोडलेली.

"मग मोड की घडी!" मी म्हटलं. "आमच्याकडे नवा कपडा असा ठेवून देत नाहीत. आपली शर्यत आहे ना, घाल त्या दिवशी."

शेजारच्या युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरांच्या बोटीशी आमची शर्यत होती. तो खरंच ती जर्सी घालून आला. पांढरीशुभ्र, छातीवर काळा गरुड. मला इतका आनंद झाला की काय सांगू! आणि तेवढ्यात आमच्यातलाच एकजण म्हणाला, "हरलो तर अंगातली जर्सी काढून त्यांना द्यायची, माहितेय ना? रिवाजच आहे इथला."

मी धावतच त्याच्याकडे गेले. "काढ ती! आधी काढ! साधा टी-शर्ट घाल!"

"मला माहीत होतं," तो शांतपणे म्हणाला आणि बोटीत जाऊन बसला.

शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो. काय सुटलो! दोन्ही बोटी अगदी बरोबरीने. मी आधी इंग्रजीत ओरडत होते, मग कधी मराठीवर आले कळलंच नाही. "ओढ! अरे ओढ ना! मार, मार, मार!" चौघांना एक अक्षर कळत नव्हतं, पण बोट नुसती उडत होती. समोर त्याचा चेहरा लालबुंद, दात विचकलेले, आणि डोळ्यांत अशी चमक की तो लॅबमधला गंभीर माणूस हाच का, असं वाटावं. शेवटी शेवटी तर आम्ही पुढे होतो, देवाशपथ पुढे होतो. आणि अगदी दोरीपाशी त्यांची बोट हातभर पुढे घुसली.

काठावर उतरलो तेव्हा मला रडू आवरेना. तो मात्र सरळ त्यांच्या एका टकल्या प्रोफेसराकडे गेला, घामाने चिंब झालेली जर्सी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"देऊ नकोस रे!" मी किंचाळले. "आपण त्यांना सांगू ना, ते ठेवून घेणार नाहीत!"

उघडाबंब, थंडीने कुडकुडत तो हसत होता. इतका हसत होता की डोळ्यांतून पाणी आलं.

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "तेव्हा मला हरायलासुद्धा मिळालं नव्हतं."