वर नाव दिसत नव्हतं

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे ‘अवतरण’ म्हणतात. कुणाच्याही प्रोग्रॅममध्ये एकेरी अवतरणचिन्ह दिसलं की हे तिथेच अडून बसतात. घरीही तीच तऱ्हा. पाहुण्याला चहा देताना आधी त्याचं नाव घेतील, मग कप पुढे करतील. टेबलावर दोन पाकिटं शेजारी शेजारी चालत नाहीत. झोपेत ‘उद्या करतो, उद्या करतो’ असं पुटपुटतात. चौदा वर्षं मी ह्यावर चेष्टा करत आले. नवरा विक्षिप्त निघाला म्हणून काय काडीमोड घ्यायचा?

गेल्या महिन्यात खण आवरताना तळाशी एक पिवळा पडलेला कागद सापडला. संगणकाच्या पडद्याची छापील प्रत होती. तपासणीचे आकडे भरायचा तक्ता, आणि वर जिथे रुग्णाचं नाव यायचं तिथे नुसतं डॉलरचं चिन्ह आणि पुढे ‘रुग्ण’. खाली पेनाने लिहिलेलं, ‘साहेब, वर नाव दिसत नाही. तिसऱ्यांदा सांगतेय.’

“हे काय?” मी विचारलं. हे कागद हातात घेऊन पलंगावर बसले. मग सगळं बाहेर आलं.

आमच्या लग्नाआधी हे एका रक्ततपासणीच्या लॅबची वेबसाइट सांभाळायचे. काउंटरवर एक बाई अहवाल भरत. वर रुग्णाचं नाव यावं म्हणून ह्यांनी ओळ लिहिली, पण एकेरी अवतरणात. दुहेरीत लिहिली की सर्व्हर जणू डबा उघडून आतलं नाव दाखवतो, एकेरीत डब्यावरचं लेबल तेवढं वाचतो, ते डॉलर आणि ‘रुग्ण’. बाईंनी तीनदा सांगितलं आणि ह्यांनी घोंगडं भिजत ठेवलं.

त्यात दुसरी खोट. समोरचा रुग्ण कोण, हे सर्व्हर ‘सेशन’ नावाच्या आपल्या वहीत लक्षात ठेवायचा, आणि टॅब कितीही उघडा, वही एकच, तिच्यात शेवटी उघडलेलं नाव तेवढं राहायचं. एकदा बाई एका धडधाकट माणसाचा अहवाल भरत होत्या. मध्येच फोन आला, म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये एका आजारी माणसाचा भरून झालेला अहवाल उघडून पाहिला. पहिल्या टॅबवर परतून आकडे सेव्ह केले, ते गेले त्या आजारी माणसाच्या नावावर. सेव्ह झाल्यावर वर नाव दिसलं असतं, तर चूक जागीच कळली असती. त्या माणसाला ‘सगळं ठीक’ असा कागद मिळाला. तीन महिन्यांत तो गेला.

चौकशीत बाई म्हणाल्या, “वर नाव दिसतच नव्हतं.” समितीने पान उघडलं. नाव स्वच्छ दिसत होतं. बातमी कळताच ह्यांनी एकेरीची दुहेरी करून टाकली होती, मिनिटभराचं काम. बाई खोट्या ठरल्या, नोकरी गेली. हे तिथेच बसले होते, मूग गिळून.

मला ह्यांचा संताप आला, किळस आली, आणि कीवही आली. खोटं कशाला सांगू?

“उठा,” मी म्हटलं. “ज्यांचा कागद आहे त्यांना देऊन या. मीही येते.”

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्यांनी ह्यांना लगेच ओळखलं. आधी गॅस बंद केला, भांडं झाकलं, हात पुसले, मग वळल्या. ह्यांना शेजारी दोन पाकिटं चालत नाहीत, तशी बाईंना एकदम दोन कामं.

ह्यांनी त्यांचं नाव घेतलं आणि कागद पुढे केला. “चूक माझी होती. चौकशीच्या आधी मी पान बदललं.”

बाईंनी कागदावरच्या आपल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“मला आता ते पान आठवलं ना, की वर नाव दिसतं,” त्या म्हणाल्या. “सगळे म्हणाले, नाव होतं; घरचेही म्हणाले. मग मीही होतंच असं धरून चालले. त्या माणसाला मीच मारलं, असं समजून जगले हो मी.”

ह्यांनी हात जोडले. बाईंनी पाहिलंही नाही. आतल्या खोलीकडे वळून त्यांनी मुलीला हाक मारली.

“इकडे ये. हे वाच. मोठ्याने.”

मुलगी बावचळली. तिने आमच्याकडे पाहिलं, मग वाचलं, “साहेब, वर नाव दिसत नाही. तिसऱ्यांदा सांगतेय.”

“पुन्हा वाच,” बाई म्हणाल्या.