जुन्या ड्रममधलं जेल

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते संतपूरच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या सरांचे. त्यांची बोली कन्नड, माझी मराठी आणि पुढे पुस्तकं इंग्रजी. प्रत्येक शब्द ते माझ्यासाठी मराठीत फोडून सांगत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. बिदरजवळच्या एका लहान औषध कारखान्यात चाचणी विभागात लागलो तोही त्यांच्याच शब्दावर; तिथले मॅनेजर त्यांचे जुने विद्यार्थी होते. म्हणून तर तिथं घडलेल्या गोष्टीचा संताप अजून जात नाही.

कारखान्यात पित्तावरचं पातळ औषध बनायचं. त्यातला मुख्य माल म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा, दह्यासारखा लगदा. त्याला आम्ही जेल म्हणायचो. ताजं असताना त्यातले कण विस्कळीत असतात, आम्ल सहज आत शिरतं आणि शमतं. पण जेल पाण्यात पडून राहिलं, वर उन्हाळा लागला, की कण थोडे विरघळतात आणि पुन्हा थरावर थर लावून बसतात. स्फटिक तयार होतात. बहुधा आधी बायेराइट नावाचा. मग पाण्यात अल्कली असेल तर तोही हळूहळू विरघळतो आणि त्याच द्रव्यातून गिब्साइट वाढतो. दोन्हींचं सूत्र एकच, थर रचायची तऱ्हा तेवढी वेगळी. अशा नीट रचलेल्या थरांत पोटातलं आम्ल लवकर शिरत नाही.

अख्खा उन्हाळा पत्र्याच्या शेडमध्ये तापलेले जुने ड्रम एकदा बाटल्यांत भरायला काढले. मी नमुना तपासला. ॲल्युमिनियम पुरेपूर भरलं. पण जेल आम्लात टाकून कितीही ढवळलं तरी आम्ल तसंच राहिलं. कलबुर्गीला शिकणाऱ्या मित्राकडून क्ष-किरणांच्या यंत्रावर नमुना बघून घेतला. ताज्या जेलचा आलेख पसरट असतो. इथं सुईसारखी टोकं उभी होती, आणि ती दोन्ही स्फटिकांची. म्हणजे बदल अजून चालूच होता.

आलेख घेऊन मी मॅनेजरांकडं गेलो.

“कामून माल अडवायलास रे? ॲल्युमिनियम भरतंय का न्हाई?”

“भरतंय साहेब. पण आम्ल मारत न्हाई.”

“पांढरं ते पांढरंच हाय की!”

“मैदा बी पांढराच असतोय.”

ते हसले. “लई शिकलास. नव्या ड्रमचा आकडा ह्याला लाव अन् सही कर.”

“खोटी सही करू?”

“असल्या जेलसाठी कुणी जेलात जात न्हाई, भिऊ नको.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सरांनी शब्द टाकला म्हणून तुला घेतलं. त्यांचं नाव घालवायलास तू.”

हे ऐकून माझं डोकं फिरलं. ज्या माणसानं आम्हा दोघांनाही शिकवलं, त्याचंच नाव खोट्या आकड्यासाठी पुढं करायचं! मी म्हणालो, “नाव तुम्ही घालवलंत साहेब, आत्ताच,” आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी सही दुसऱ्यानं केली. गाडी भरून गेली. आमच्या भागात तिखट खाऊन रानात राबणारी माणसं तेच औषध पिऊन आराम पडायची वाट बघत बसणार होती. मी राजीनामा दिला आणि त्याच संध्याकाळी सरांना पत्र लिहिलं:

आदरणीय सर, सा. न.

तुमच्या शब्दावर मिळालेली नोकरी मी आज सोडली. मॅनेजर तुम्हाला फोन करतील, पोरगं उर्मट निघालं म्हणतील. मी उर्मट बोललो, ते खरं आहे. ते शब्द मी मागं घेणार नाही. काम न करणारं औषध त्यांनी विकायला पाठवलं आहे. औषध खात्याकडं मी तक्रार दिली आहे. तीत माझं नाव घातलं आहे, तुमचं कुठंही नाही. तुम्हाला न विचारता हे केलं, कारण विचारलं असतं तर तुम्हाला दोन विद्यार्थ्यांतून एक निवडावा लागला असता. रविवारी संतपूरला येतो. रागावणार असाल तर समोर बसवून रागवा.

तुमचा विद्यार्थी