दोन टप्प्यांचा नियम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि एरवी तिच्यापासून माझं काही लपत नाही. तुम्हाला सांगतो. सांगायला हवं म्हणून, की आता पोटात मावत नाही म्हणून — कोण जाणे.

गोंदियात मी टेनिस शिकवतो. मातीची दोन कोर्टं. रोज सकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या — सगळं मीच करतो. त्या मातीवर माझा फार जीव. हे आधी सांगतो, कारण घोळ तिथूनच सुरू झाला.

सात वर्षांपूर्वी जवळच्या मुर्री गावची एक बाई स्कूटीवर पोरीला घेऊन आली. वैशाली, अकरा वर्षांची, दोन्ही पाय लुळे. तिची चाकाची खुर्ची आमच्या सामानाच्या खोलीतच राहायची. पोरीच्या हातात मात्र जादू होती. महिन्याभरात तिचा फोरहँड निवडचाचणीसाठी तयार होणाऱ्या माझ्या पोरांपेक्षा सरळ जायला लागला. पण ओल्या मातीत चाकोऱ्या पडत. पालक कुरकुरत — आमच्या पोरांचा बॉल वाकडा उडतो म्हणून. आणि मी? मलाही त्या चाकोऱ्या डोळ्यांत खुपत होत्या.

नाही म्हणायची हिंमत नव्हती. अपंग पोरीला हाकललं, असं गावभर झालं असतं. मग मी काय केलं — तिला नियमानं खेळवलं. एक टप्पा, तेवढ्यात बॉल मारायचा. ती दोन्ही हातांनी चाकं रेटत यायची आणि पोचेपर्यंत दुसरा टप्पा पडलेला असायचा. मी पॉइंट समोरच्याला द्यायचो. दरवेळी.

एकदा तिनंच विचारलं, "सर, दुसऱ्या टप्प्यावर बरोबर पोचतो मी. एक टप्पा जास्त दिला तर नाही चालत का?"

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो.

खोटं होतं ते. खुर्चीवरच्या खेळाडूला दोन टप्पे मिळतात, हे मी नागपूरच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, खाली रेघ मारून.

पुढच्याच महिन्यात ती यायची थांबली. खुर्ची न्यायला आई ऑटो घेऊन आली. म्हणाली, "तुम्ही लय मेहनत घेतली सर, पोरीलेच जमलं नाही." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी कोर्ट सारवलेल्या अंगणासारखं सपाट होतं, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

यंदा आमच्याकडे दिव्यांग मुलांची बॅच सुरू झाली. मीच घेतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय — खुर्चीवरच्या खेळाडूला दोन टप्पे. लोक कौतुक करतात. मी ऐकून घेतो.

गेल्या महिन्यात वैशाली आली, शेजारच्या लहान मुलीचं नाव घालायला. त्या मुलीलाही खुर्ची आहे. वैशालीनं भिंतीपुढे थांबून ती ओळ वाचली. बराच वेळ वाचली.

"सर, हा नियम आता नवा निघाला का?"

मी म्हणालो, "हो. नवाच आहे."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली, आणि त्या लहानीला खुर्ची कशी वळवायची ते दाखवायला लागली.

नियम जुना आहे. तिनं विचारलं तेव्हाही होता, आणि मला माहीत होता.