सहाव्या नळीतले मणी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या इंदिरानगरच्या घराच्या दाराला लिंबू-मिरची बांधायचे, त्यातलं लिंबू मी पोह्यांवर पिळलेलं आहे.

साल २००४. नाशिकच्या एका कॉलेजात माझी पीएचडी चालू होती. शरीरातल्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या काही प्रोटीन्समुळे. ती सुटी सुटी बनवायची, नळीत पुन्हा जुळवायची आणि बारीक मण्यांवर चढवायची, हे माझं काम. कॅल्शियम असलं की मणी एकमेकांना चिकटतात, नसलं की सुटे राहतात.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमचे लॅब अटेंडंट काशिनाथमामा हरसूलचे. त्यांनी सकाळीच सेंट्रिफ्यूजला, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या मशीनला, हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली.

"ताई, पूजा झाली. आता उद्यापर्यंत मशीनला हात लावायचा नाय."

"मामा, प्रोटीन उद्यापर्यंत खराब होईल. ते काय दसऱ्यासाठी थांबणारे?"

चार महिन्यांची मेहनत होती हो! मी माळ काढली आणि मशीन चालू केलं.

दुपारी मायक्रोस्कोपखाली पाहिलं... सहाव्या नळीत कॅल्शियम नव्हतंच, उलट असलेलं काढून घेणारं रसायन होतं. तरी तिच्यातले मणी गच्च चिकटलेले! हलवले, धुतले, आणखी रसायन घातलं — सुटेचनात. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

मामा म्हणाले, "बघा, म्हनलं नव्हतं?"

माझे गाईड सर म्हणाले, "कुंकवात चुना असतो, म्हणजे कॅल्शियम. सांडलं असेल. हे प्रबंधात लिहू नकोस, नाहीतर मी सही करणार नाही."

मला दोघांचंही पटलं नाही. नवीन प्रोटीन बनवून, तेच रसायन घालून त्यात मुद्दाम कुंकू टाकलं — मणी सुटे. पुढच्या खंडेनवमीला, पूजा झालेल्या त्याच मशीनवर, तेच सगळं पुन्हा केलं — तरी सुटे! म्हणजे मामांचंही चुकलं आणि सरांचंही.

हे सगळं मी प्रबंधात एका पानावर लिहिलं, पण सही काही मिळेना. तीन दिवस प्रबंध मांडीवर घेऊन सरांच्या केबिनबाहेर बसले.

"लोक हसतील तुला," सर म्हणाले.

"हसू देत. दिसलं ते लिहिलंय, खोडणार नाही."

चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे न बघता सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या म्हाताऱ्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं.

"याचं कारण?"

"माहीत नाही, सर."

त्यांनी चष्मा काढून पान जवळ घेतलं. मग हळूच म्हणाले, "माझंही असं एक पान होतं. मी फाडलं."

कारण मला आजही माहीत नाही. पण माझं पान जागेवर आहे.