उत्तरेची भिंत

मुलीकडे, ग्रीसमधल्या एका बेटावर राहायला आलो आहे. शेजारच्या कॅतेरिनाबाईंच्या घराला उत्तरेला एकही खिडकी नाही. नुसती जाड, चुन्याने पांढरी केलेली भिंत. उन्हाळ्यात उत्तरेकडून दिवसच्या दिवस वारा सुटतो, म्हणून इथली जुनी घरं त्याच्याकडे पाठ करून बसलेली असतात.

यंदा बाईंच्या अंगणासमोर कुणा शहरी पैसेवाल्याचं घर उभं राहिलं. तेही पांढरंच, दारं निळी. पण उत्तरेची भिंत अख्खी काचेची. बाईंचा समुद्र त्याने गिळून टाकला.

“तक्रार नाही केलीत?” मी मुलीमार्फत विचारलं होतं.

“कशाला? वारा येईल ना,” त्या म्हणाल्या होत्या.

काल तो आला. खारं पाणी आणि वाळू काचेवर आपटत राहिला. आज सकाळी मालक काचेवर फळ्या ठोकत होता. बाई अंगणात खुर्ची टाकून, प्रत्येक ठोक्याला कॉफीचा एक घोट घेत होत्या.

घर कुठल्या गावचं, हे रंगावरून कळत नाही. ते कुणाला घाबरतं, त्यावरून कळतं.

कोकणात आमची खाडी झाकून समोरच्याने असाच ‘ग्रीक’ बंगला बांधलाय. कौलं नकोत, सपाट गच्ची हवी! तिकडे आषाढ चालू आहे. मी भावाला फोन लावला.

“समोर गळतंय का रे?”

“हॉलमध्ये बादल्या लावल्यात.”

मी बाईंच्या अंगणात जाऊन त्यांच्यापुढे कप धरला. त्यांनी काही न विचारता तो काठोकाठ भरला.