आम्ही भंडारा उचलला नाही

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही माहीत नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर सही सोडून फारसं काही लिहिलं नाही. पण मागच्या महिन्यात तालुक्याला बचत गटांच्या बायकांचं शिबीर झालं, तिथं एका मॅडमनी मला उभं केलं. म्हणाल्या, तुमच्या गटावर एवढं संकट आलं, तुम्ही नेतृत्व कसं केलं, दोन शब्द सांगा. मी नमस्कार म्हणाले आणि खाली बसले. तरी टाळ्या वाजल्या. एसटीत घरी येईपर्यंत काय बोलायचं होतं ते आठवत राहिलं, आणि ते शिबिरात सांगण्यासारखं नव्हतंच. मॅडमना वाटलं असेल मी सगळ्यांवर विश्वास टाकला. मी कुणावरच टाकला नव्हता.

आमची वाडी लवळ्याच्या डोंगराखाली. आम्ही पंधराजणींनी गट काढला आणि बँकेकडून कर्ज घेऊन लग्नाची भांडी विकत घेतली, भाड्यानं द्यायला. आधी आमच्याकडे लग्न निघालं की भांडी पिरंगुटहून आणायला लागायची. आम्ही घेतलं त्यात पराती, झारे, ताटं, वाट्या आणि पितळेची दोन मोठी पातेली होती. पातेली एवढी मोठी की घासायला आत उतरून बसावं लागायचं. त्यांच्यावरच आमचा धंदा होता, कारण एवढी मोठी भांडी जवळपास कुणाकडे नव्हती. कर्जाच्या कागदावर पंधराजणींच्या सह्या आणि अंगठे होते. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, अशी अट होती.

आमची अध्यक्ष दहावी झालेली, बँकेच्या साहेबासमोर खुर्चीत बसून बोलणारी. तिला सगळ्या वैनी म्हणायच्या. मी बैठकीत खांबाच्या आड बसायचे. भांडी देवळाशेजारच्या खोलीत असायची. तिथल्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या, एक वैनींकडे आणि एक माझ्याकडे. माझ्याकडे का, तर माझं घर खोलीच्या समोर. दुसरं काही कारण नव्हतं.

दोन हजार चार सालची गोष्ट. शेजारच्या नांद्याच्या एका घरची लग्नाची भांडी ठरली होती. दहा दिवस आधी कल्हई करून घ्यावी म्हणून आम्ही सातआठजणी खोली उघडायला गेलो. कुलूप जागेवर होतं. आत पराती होत्या, ताटांच्या थप्प्या होत्या, आणि जिथं दोन पातेली पालथी ठेवलेली असायची तिथं जमिनीवर नुसते दोन गोल दिसत होते.

माझ्या घरून चहा आला, तो घेत बोलणं सुरू झालं. पहिला संशय डोंगरावरच्या मजुरांवर गेला. तेव्हा वर कॉलेजच्या इमारती चालल्या होत्या आणि परप्रांतातली माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. कुणी म्हणाली ट्रक बघितला, कुणी म्हणाली दोघं हिंदी बोलत देवळापाशी बसले होते. आमच्यातली सगळ्यांत म्हातारी, तिला आम्ही आजी म्हणतो, ती गप्प ऐकत होती. ती उठली, कुलूप हातात घेऊन ओढून बघितलं आणि म्हणाली, "कुलूप शाबूत हाय. मजूर काय वाऱ्यासंगं आत गेलं? चोर आपल्यातच बसलाय, आन आपलाच चहा पितोय."

कुणीतरी हातातला कप खाली ठेवला.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. वैनींकडे कुणी बघितलं नाही, ते मी तेव्हाच टिपून ठेवलं. मी हळू आवाजात सांगितलं की मागच्या लग्नानंतर भांडी घासून आत ठेवायला किल्ली मी धाकटीला दिली होती. लगेच सगळ्या माना धाकटीकडे वळल्या. धाकटी म्हणजे आमच्यातली वयानं सगळ्यांत लहान. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन माहेरी आली होती. गटाची भांडी घासून जे मिळायचं त्यावर तिचं भागायचं. लेक पाच वर्षांची, थंडीत तिला धाप लागायची.

"मी परत आणून दिली की, काकी," धाकटी म्हणाली. "तुमच्या दाराच्या खुंटीला अडकवली."

ते खरं होतं. पण खुंटी दाराशी. माझ्या नवऱ्याला ती दिसत होती, दिराला दिसत होती, विरजण मागायला येणाऱ्या बायांना दिसत होती. त्या दिवशी घरी गेल्यावर मी सगळ्यांत आधी गोठ्यामागची भाताच्या पेंढ्याची गंज हलवून बघितली. नवरा त्या दिवसांत तंगीत होता. पेंढ्याखाली काही नव्हतं. संध्याकाळी त्यांनी विचारलं पेंढा कुणी विस्कटला. मी म्हणाले म्हशीनं. म्हैस दावणीला होती. ते माझ्याकडे बघून हात धुवायला गेले. पुढचे कितीतरी दिवस ते जेवताना मान वर करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. वैनींनी सांगितलं, रविवारी सगळ्यांनी नाथाच्या देवळात भंडारा उचलायचा. तळहातावर हळद आणि बेलाचं पान घेऊन देवापुढं म्हणायचं, मी घेतलं नाही. खोटं बोलणाऱ्याच्या घरात वर्षाच्या आत काहीतरी होतं, असं आमच्याकडे मानतात. मीही मानते. सगळ्या हो म्हणाल्या. एवढा घोर एका दिवसात मिटतोय, तर कोण नाही म्हणेल?

मी खांबाच्या आडून धाकटीकडे बघत होते. तिच्या मांडीवर लेक झोपली होती आणि छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. मला धाकटीचाच संशय होता, हे इथं लिहून टाकते. गरज तिला सगळ्यांत जास्त होती आणि किल्ली शेवटी तिच्याच हातात होती. पण मी हिशेब केला. तिनं घेतली असतील तर ती भंडारा उचलणार नाही, आणि आपण तिला वाडीतून हाकलू. तिनं घेतली नसतील तर ती उचलेल, आणि पौषात लेकीला धाप लागली की सगळी वाडी म्हणेल, देवानं दाखवलं. दोन्हीकडून तीच जाणार. आणि ती एकटीच कशाला? वर्षभर पंधरा घरांतला प्रत्येक ताप, प्रत्येक आटलेली म्हैस आम्ही एकमेकींच्या नावावर लावत बसणार. कर्ज मग कोण भरणार?

बोलायचं माझ्या मनात नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"मी भंडारा उचलणार न्हाई."

वैनी मागे वळल्या. "का गं? हात भाजतोय व्हय?"

"मी उचलणार न्हाई, आन कुणाला उचलूबी देणार न्हाई. पातेली गेली ती गेली. हप्ता ऱ्हायलाय."

"मंग तूच हो अध्यक्ष," वैनी म्हणाल्या. "चोरांच्या गटात मी न्हाई बसत."

त्या उठून गेल्या. बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या, अध्यक्ष मीच. मॅडमना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तुमच्यावर विश्वास दाखवला. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, बँकेची वसुलीची जीप कुणाच्या दारात थांबवायची ते त्यांनी त्या दिवशी ठरवलं. आणि जिनं भंडारा उचलला नाही तीच चोर, असंही निम्म्याजणींनी मनात धरलं. पाण्याला गेले की बोलणं थांबायचं. एकदा आजीनं मला सरळ विचारलं, "खरं सांग, तुज्या घरात हायेत का गं?" मी म्हणाले पेंढा हलवून बघितला, नाहीत. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर मात्र ती माझ्याबरोबर यायला लागली.

नांद्याचं लग्न तोंडावर आलं होतं. गटातल्या म्हणत होत्या, काही सांगू नका, दुसरी भांडी पाठवून द्या. मला ते पटेना. चौदा तोंडांतून एक तरी फुटणार, आणि मग चोरीबरोबर लबाडीही आमच्या नावावर लागणार. आजीला घेऊन मी नांद्याला गेले. नवरीच्या बापाला पडवीत बसून सगळं सांगितलं. बोलताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "आमची पाचशे पानं उठायची हायेत. जबाबदारी कुणाची?"

आजी माझ्याकडे बघायला लागली.

"माझी," मी म्हणाले.

पिरंगुटच्या मांडववाल्याकडून पातेली आणली. त्याचं भाडं आमच्यापेक्षा जास्त, वरचे पैसे गटानं सोसले. भात खाली उतरेपर्यंत मी चुलीपाशी उभी राहिले आणि कुणी माणूस पातेल्याजवळ उगाच थांबला तर त्याचं नाव विचारत राहिले. लोक हसले. भांडी मोजून परत गेली.

त्यानंतर मी काही नियम केले. खोलीला एक कुलूप काढून दोन लावली, आणि किल्ल्या अशा दोघींकडे दिल्या ज्यांचं बांधावरून भांडण होतं आणि बोलणं बंद होतं. एकीला दुसरीशिवाय उघडता येणार नाही आणि दोघी मिळून काही करतील ही भीतीही नाही. दीड वर्षानं त्या बोलायला लागल्या. हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी गेलेल्या बघितल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी एकीकडची किल्ली काढून घेतली. तिला राग आला. येऊ दे म्हटलं.

मोठी पातेली नव्हती म्हणून लग्नाची कामं कमी झाली. तेव्हा वर कॉलेजात मुलांची वसतिगृहं सुरू झाली होती. तिथला खानावळवाला चपात्यांसाठी बाया शोधत होता, हे आजीच्या नातवाकडून कळलं. त्याच्याकडे जायला मी तीन वेळा निघाले आणि दोनदा चढावरून परत आले. शेवटी गेले. म्हणाले, आमच्याकडे चौदा चुली आहेत. त्यानं आधी थोड्या चपात्या मागवल्या, मग रोजच्या. पीठ एकाच ठिकाणाहून वाटायचं ठरलं, आणि पीठ मोजून द्यायला मी धाकटीला माझ्या ओट्यावर बसवलं. मोबदला चांगला दिला. कारण वेगळं होतं.

महिनाभर ती काही बोलली नाही. एक दिवस पिठाचं माप सपाट करता करता म्हणाली, "माज्यावर ध्यान ठिवायला हितं बसवलंय ना मला, काकी?"

खोटं बोलायला मला वेळच मिळाला नाही. "व्हय," मी म्हणाले.

"मंग नीट ठिवा. म्हंजे उद्या कुणी काय म्हणलं तर तुमी सांगाल, माज्या डोळ्यांम्होरं व्हती म्हणून."

तिनं पुढचं माप भरलं. मी चूल पेटवायला आत गेले. त्या दिवसापासून माझा संशय गेला असं नाही, पण तो सांभाळायचा मला कंटाळा यायला लागला.

पौषात तिच्या लेकीला जोराची धाप लागली. पिरंगुटच्या दवाखान्यात ठेवायला लागलं. गटातल्या पाळीपाळीनं डबा घेऊन गेल्या, चपात्या तिच्या वाटणीच्याही लाटल्या. कुणी देवाचं नाव काढलं नाही. काढायला काही नव्हतंच. पोरगी बरी होऊन आली, तेव्हा आजी मला बाजूला घेऊन म्हणाली, त्या दिवशी भंडारा उचलला असता तर आज या बाईला आपण तोंड दाखवू शकलो नसतो. बाकी कुणी असं बोललं नाही, पण पाण्यावर माझ्याशी बोलणं सुरू झालं.

वैनींनी मात्र राजीनामा दिल्यापासून हप्ता भरला नाही. घरी निरोप पाठवला की मुलगा दारातूनच सांगायचा, आई घरात नाही. त्यांचा वाटा आम्ही चौदाजणी भरत राहिलो. बायका चिडायच्या. म्हणायच्या, जमिनीला भाव आलाय, नवी मोटारसायकल आली दारात, आणि आपण त्यांचं भरतोय. मी म्हणायचे, बँकेला नावं माहीत नाहीत, बँकेला रक्कम माहीत आहे. चूल लवकर पेटवा.

चार वर्षं अशीच गेली. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी आम्ही सगळ्या मिळून बँकेत जायचं ठरवलं. माणसं भरून निघणाऱ्या वडापच्या गाडीला थांबलो होतो, तेवढ्यात वैनी आल्या. किती दिवसांनी एवढ्या जवळून बघितल्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी पदराखालून रुमालात बांधलेले पैसे काढले आणि माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "माजं सगळं हाय यात. व्याजासकट."

धाकटीचा हिशेब आता पक्का झाला होता. तिनं तिथंच रुमाल सोडला, नोटा मोजल्या आणि माझ्याकडे बघितलं. "काकी, हे जास्त हायेत. व्याज धरूनबी लई जास्त हायेत."

किती जास्त ते मला न मोजता कळलं. दोन पातेल्यांची किंमत आमच्यातल्या प्रत्येकीला पाठ होती. मी वैनींच्या तोंडाकडे बघितलं. भंडारा उचलायचा त्यांनीच काढला होता, तेव्हा त्यांना माहीत नसणार. मग कधी कळलं असेल? त्यांचीही किल्ली कुठल्यातरी खुंटीला असेल, आणि त्या घरात एक जवान मुलगा होता. का हा नुसता माझा स्वभाव, कुणी चार पैसे मानानं जास्त दिले तरी त्यात चोर शोधायचा? हे मला अजून कळलेलं नाही.

आजी तोंड उघडणार होती. मी तिचा हात दाबला.

"जास्त आसू देत," मी म्हणाले. "तुमीबी चला, वैनी. सह्या पंधराजणींच्या व्हत्या."

गाडीत त्या धाकटीच्या शेजारी बसल्या. बँकेत रोखपालानं नोटा दोनदा मोजल्या. वरचे पैसे त्यानं परत केले, ते धाकटीनं गटाच्या पिशवीत ठेवले आणि कुणाचे म्हणून विचारलं नाही. मग त्यानं खात्यावर शिक्का मारला आणि सांगितलं, कर्ज फिटलं, आता काही देणं राहिलं नाही.