पायरीचे गुण

"पायरी लिहा रे. उत्तर देवाच्या हातात, पायरी आपल्या हातात."

नववीच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा राहून हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलं. ते म्हणताना टीचर खडूची पाठ फळ्यावर आपटत वरून खाली यायच्या, गणिताच्या एकेका ओळीसमोर एकेक टक. त्यांच्याबद्दल काही लिहून द्या, असं माजी विद्यार्थ्यांनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी डोळ्यांचं कारण पुढं केलं. डोळे माझे ठीक आहेत. टीचरबद्दल लिहायचं तर त्या एका जून महिन्याबद्दलही लिहावं लागणार होतं, म्हणून टाळत आलो. आता सत्तरी ओलांडली आहे आणि टाळायला फार जागा उरलेली नाही.

त्यांचं नाव इथं घेत नाही. सगळी शाळा त्यांना नुसतं टीचर म्हणायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, पदवीनंच ओळखली जाणारी, जणू ती पदवी त्यांच्यासाठीच काढली होती.

शाळा कॅथलिक मिशनची. एकाच आवारात चर्च आणि शाळा. मुख्याध्यापक फादर असत आणि ते काही वर्षांनी बदलून जात. मी पर्यवेक्षक, तो कुठंच गेलो नाही. इंग्रजी माध्यम, शिस्त, स्वच्छ गणवेश, यामुळं प्रवेशाच्या दिवसांत गेटबाहेर पालकांची रांग लागायची. आमच्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडायचं तर बोर्डाच्या विषयांशिवाय आणखी दोन गोष्टी लागायच्या. एक, मूल्यशिक्षणात चांगली श्रेणी. दुसरी, मिशनच्या वृद्धाश्रमात जाऊन केलेली सेवा. त्यातून सुटका कुणालाच नव्हती. टीचरकडे गणित होतं आणि ही सेवाही होती.

एकदा एका बड्या घरची आई तणतणत आली. "आमच्या मुलाला तुम्ही म्हाताऱ्यांची नखं कापायला लावली?"

"व्हय," टीचर म्हणाल्या. "घरी आजोबांची कापतो का?"

"त्याचे आजोबा पुण्याला असतात."

"मग लई बरं झालं. पुण्याला जाईपर्यंत हात बसंल."

टीचर वैजापूरकडच्या. वडील खेड्यातल्या चर्चमध्ये धर्मशिक्षक होते. एम. एस्सी. झाल्या तरी गावची बोली काही सुटली नाही. वर्गात इंग्रजीच बोलायचं, असं फादरांनी एकदा बजावलं तेव्हा "येस फादर" म्हणाल्या, आणि फादर व्हरांडा ओलांडून जायच्या आत आतून आवाज आला, "ओपन युवर बुक्स! आणि तू रे, खिडकीतून काय बघायलास? एक्स तिकडं नाय, इकडं हाय."

माझ्या कडकपणाची त्या उघड चेष्टा करत. "सर, तुमच्या घरी चहासुद्धा हजेरी घेऊन देतात काय?" सगळी स्टाफरूम हसायची. मीही हसायचो. मला तेव्हा कडक म्हणवून घ्यायला आवडायचं.

आता शाळांमधली एक रीत सांगतो. शिक्षकांना ती ठाऊक आहे, पालकांना अर्धीच ठाऊक असते. जून उजाडला की आमच्या गेटवर फ्लेक्स लागायचा: दहावीचा निकाल शंभर टक्के. त्या शंभराचं खरं काम नववीत उरकलं जायचं. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम आल्यापासून तर सगळी छाननी नववीवर आली. नववीत कच्चं निघालेलं पोर जूनच्या फेरपरीक्षेला बसायचं. तिथं नापास झालं की पालकांना बोलावून सांगायचं, एकतर वर्ष पुन्हा करा, नाहीतर दाखला घ्या आणि बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसा. बाहेरून बसलेलं पोर नापास झालं तरी ते आमच्या निकालात धरलं जात नाही. गेटवरचा फ्लेक्स कोरा करकरीत राहतो. ते बोलावून सांगायचं काम माझं होतं, आणि ते मी चांगलं करायचो. आवाज न चढवता.

त्या वर्षी नववीत गणितात पाच जण अडकले. त्यांत फुलंब्रीकडची एक मुलगी होती, धनगराच्या घरची. बापानं मेंढरं विकली होती आणि तो शहरात एका अपार्टमेंटवर वॉचमन होता. आधीच्या फादरांनी तिला प्रवेश दिला होता. रोज एस.टी.नं यायची. बोलायची कमी. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या मात्र तिच्याच हातून वेणी घालून घ्यायच्या, दुसरी कुणी गेली की "ती कुठं हाय?" विचारायच्या. मूल्यशिक्षणात तिला 'अ' श्रेणी होती. खाली माझी सही होती.

टीचर माझ्या केबिनमध्ये आल्या. बसल्या नाहीत.

"सर, मे महिनाभर बसवते पाचीजणांना. जूनला पास झाली तर दहावीला आपल्याच शाळेतून बसू द्याल ना?"

"पास झाल्यावर कोण अडवणार, टीचर?"

"तसं नाय. शब्द द्या."

"दिला."

मे महिन्यातलं आमचं ऊन तुम्हाला सांगायला नको. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्या पाच पोरांना घेऊन बसायच्या. ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक कांदा, गावाकडची पद्धत. मुलीनं ओढणीच्या टोकाला बांधलेला. एका दुपारी फादर आत डोकावले आणि वास घेत म्हणाले, "टीचर, व्हॉट आर यू कुकिंग?"

"अल्जेब्रा, फादर!" टीचर म्हणाल्या. पोरं इतकी हसली की तो आवाज माझ्या केबिनपर्यंत आला. त्या मुलीला मी त्याआधी कधी हसताना ऐकलं नव्हतं.

जूनमध्ये फेरपरीक्षा झाली. पेपर मी काढला होता आणि तो सरळ होता, हे मला सांगितलं पाहिजे. तपासायचाही मलाच होता. शिकवणाऱ्यानं तपासला तर माया आड येते, म्हणून फेरपरीक्षेचे पेपर पर्यवेक्षकानं तपासायचे असं आमच्याकडे ठरलेलं होतं. तपासायला बसण्याच्या आदल्या दिवशी फादर सहज म्हणाले, "सर, तुमचं निवृत्तीचं वर्ष. शंभर टक्क्यांनीच निरोप देऊ तुम्हाला." ते एवढंच बोलले. त्यांच्यावर मी काही ढकलत नाही.

दोन पोरं स्वच्छ पास झाली. दोन सरळ नापास होती. राहिली ती मुलगी.

तिचा पेपर मी अजून डोळ्यांसमोर आणू शकतो. गणितं सोडवलेली, एकाखाली एक ओळ, बरोबरीची चिन्हं सुईत दोरा ओवल्यासारखी सरळ. रीत सगळीकडे बरोबर. शेवटी मात्र कुठं वजाबाकी चुकलेली, कुठं चिन्ह उलटं झालेलं, आणि उत्तर गेलेलं. गणित तपासणारा कुणीही सांगेल, अशा पेपरला पायरीचे गुण देतात. बोर्डातही देतात. मी स्वतः बोर्डाचे पेपर तपासले होते आणि ते दिले होते. ते गुण दिले तर ती पास होत होती. काठावर, पण पास.

मी पेन हातात घेऊन विचार केला, की काठावर पास होणारं पोर मार्चमध्ये काय करणार? एक नापास म्हणजे फ्लेक्स गेला. माझं शेवटचं वर्ष गेलं. मग जिथं उत्तर चुकलं होतं तिथं मी शून्य देत गेलो. एकेका गणितासमोर. चहा आला, तो प्यालो.

टीचर निकाल ऐकायला आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खात्री होती.

"सर, ती नापास कशी झाली? पायऱ्या लिहिल्या नाय का तिनं?"

"लिहिल्या होत्या," मी म्हणालो. "पण चुकीच्या."

"चुकीच्या?"

"पायऱ्याच चुकल्या, टीचर. गुण कशाचे देणार?"

त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पेपर बघू का एकदा?"

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"अगं आई, तसं नाय हो सर." त्यांनी दोन्ही हात हलवले. "मग मीच चुकीचं शिकवलं म्हणायचं. महिनाभर उन्हात बसवून पोरीला चुकीचं शिकवलं मी."

तेव्हा मी बोलू शकत होतो. मी समोरचे कागद नीट लावले.

बापानं मुलीचा दाखला नेला, तेव्हा तिनं निदान सतरा नंबरचा फॉर्म भरावा म्हणून टीचर फुलंब्रीला तिच्या घरी गेल्या. परत आल्यावर त्यांनीच स्टाफरूममध्ये सांगितलं. मुलीच्या बापानं त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाला, "टीचर, आधी तुमीच नापास करायचं, मग तुमीच फॉर्म भरा म्हणायचं. शाळा बी तुमची, न्याव बी तुमचाच." मुलगी आतून बाहेर आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिल्याचं कळलं. वय झालेलं नव्हतं.

टीचरनी त्याच महिन्यात फादरांना सांगून नववी-दहावीचं गणित सोडलं. मला म्हणाल्या, "मला जमत नाय सर आता. पाचवी द्या." मी पाचवी दिली. वेळापत्रक मीच करायचो. त्यानंतर व्हरांड्यातून जाताना त्यांच्या वर्गातून पाढे ऐकू यायचे, पोरांच्या आवाजात. टीचरचा आवाज त्यात शोधावा लागायचा. खडूची ती टकटकही बंद झाली. स्टाफरूममध्ये माझ्या चहाची चेष्टा करणारं कुणी राहिलं नाही.

पुढच्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. फादर चांगलं बोलले. टीचर तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या, आणि त्या मनापासून वाजवत होत्या. दहावीला गणित शिकवणारा नवा शिक्षक चांगला निघाला, असं त्या शेजारणीला सांगत होत्या. मला ते ऐकू आलं.

ती मुलगी आता बिडकीनकडे असते. नवरा तिथल्या एका कंपनीत कंत्राटावर आहे, ती कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. कुणीतरी सहज सांगितलं. बिडकीन काही लांब नाही. मी अजून गेलेलो नाही. जाऊन काय सांगणार? तिला दोन मुलं आहेत म्हणे.

टीचर गेल्या वर्षी दिवाळीनंतर वारल्या. त्याआधी काही महिने पुतण्याकडे अंथरुणाला खिळून होत्या. मी भेटायला गेलो तो एकच वाक्य पाठ करून. रिक्षात ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. डोक्याला स्कार्फ बांधून उशाला टेकून बसल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या. पुतण्याच्या बायकोनं खुर्ची दिली आणि ती चहा करायला आत गेली. मी तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, "सर, बरं झालं आलात. मला तुमची माफी मागायची हाय."

"माझी? कशाची?"

"तुम्ही शब्द दिला होता, मला तो वापरता आला नाय. पोरगी पास करून दाखवायला पाहिजे होती मी. तुम्हाला नाइलाजानं नापास करावं लागलं. तुम्हाला किती वाईट वाटलं असंल. फादरपाशी पापनिवेदन केलं, पण तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

त्यांनी हात पुढं केला होता. सलाइनच्या सुयांनी काळानिळा झालेला. मी तो हातात घेतला आणि म्हणालो, "जाऊ द्या टीचर. झालं ते झालं. मी मनात काही ठेवलेलं नाही."

"खरंच?"

"खरंच."

त्या रडल्या आणि मग हसल्या. लई हलकं वाटलं म्हणाल्या. पुतण्याच्या बायकोनं चहा आणला, तो मी संपवला. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनची चौकशी त्यांनी केली, त्याची हकीकत सांगितली. निघताना दारात वळलो, तर त्या डोळे मिटून पडल्या होत्या आणि चेहऱ्यावर मी दिलेल्या माफीचं समाधान होतं.

रस्त्यावर येऊन रिक्षा मिळेपर्यंत मी उभा होतो. पाठ केलेलं वाक्य तोंडात तसंच होतं. फार मोठं नव्हतं. टीचर, ती पास होती.